खास रंगात मागवलेली स्पोर्ट्स सेडान लांबच्या प्रवासाला न्यावी का?

नक्की न्या. झाकून ठेवायला का इतके महिने वाट पाहिलीत?

मी स्टुटगार्टला राहतो. १९९० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू एम३ चा (ई३६ या पिढीचा) डाकार पिवळा हा रंग मनात बसला होता, तोच माझ्या नव्या बीएमडब्ल्यू एम३ वर जादा पैसे मोजून करून घेतला. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलातला बी ५०० हा माझा लाडका रस्ता. बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट, साधारण ६० किमी, एका बाजूला ऱ्हाइनचं खोरं. सुट्टीच्या दिवशी पहाटेच निघा, नंतर मोटारसायकलींची गर्दी होते. गेल्या ऑक्टोबरात मुमेलझे तळ्यापाशी थांबलो, तेव्हा बॉनेटवर धुक्याचे थेंब आणि त्यात चिकटलेल्या फर झाडाच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं होती. ओल्या उजेडात तो पिवळा अगदी गावरान अंड्याच्या बलकासारखा दिसत होता! पण अशा सुया कोरड्या हाताने झटकू नका, ओरखडे पडतात. भरपूर पाण्याने धुवा.

खडे उडतातच. बॉनेट आणि पुढच्या बंपरला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून घ्या आणि रंगाचा कोड जपून ठेवा, कारण असा रंग नंतर हुबेहूब जुळवणं फार अवघड. भारतात गाडीचा रंग मागाहून बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.