सोलापुरात समुद्र नाही म्हणून विषय सोडणाऱ्या पोराला

अरे पोरा,

तुझा मेसेज रात्री वाचला. डिझर्टेशनला बेटांवरच्या पक्ष्यांचा विषय घ्यायचाय पण सोलापुरात बसून काय होणार म्हणून सोडून द्यायला निघालायस. सोडू नको. फक्त तू लिहिलंयस ना, बेट वेगळं झालं की काही काळानं प्रजाती वेगळी होते, तिथंच गडबड आहे. एवढंच असतं तर नकाशावर फूटपट्टी ठेवली की काम झालं असतं.

आपल्याकडं बागेत चष्मेवाला दिसतो बघ, पिवळसर हिरवा, डोळ्याभोवती पांढरं कडं, थव्यानं फिरणारा. याच्या कुळात शंभराच्या आसपास प्रजाती आहेत आणि त्या साधारण गेल्या 20 लाख वर्षांत झाल्यात, उत्क्रांतीच्या हिशोबात हे फार झपाट्यानं झालं. याचाच एक भाऊबंद 1850 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं स्वतः उडत न्यूझीलंडला पोचला, मधे हजाराहून जास्त किलोमीटर नुसता समुद्र, आणि तिथून पुढं 1904 ला नॉरफोक बेटावर गेला. माओरी लोक त्याला टाउहोउ म्हणतात, म्हणजे परका. आता सॉलोमन बेटं बघ. वेला लावेला, गिझो, रानोंगा, मधलं पाणी काही किलोमीटरच, आपल्या स्टँडपासून हिप्परगा तलाव असेल साधारण तसं, आणि तिन्ही बेटांवर चष्मेवाल्याची प्रजाती वेगळी! एकीकडं समुद्र ओलांडणारा पक्षी आणि दुसरीकडं समोर दिसणाऱ्या बेटावर न जाणारा, कूळ एकच. बहुधा असं होतं की पोचल्यावर काही पिढ्यांत लांब उडायची ओढच कमी होते. आपला अंदमानातल्या नारकोंडम बेटावरचा धनेश बघ, चांगला दांडगा पक्षी, पण जगात जेमतेम 7 चौरस किलोमीटरच्या त्या एका बेटावरच राहतो. म्हणून अंतर किती हे पाण्याला विचारू नको, पक्ष्याला विचार. रीयुनियन बेटावर तर चष्मेवाल्याचे वेगवेगळ्या रंगाचे प्रकार एकाच बेटावर आहेत, आणि सखल भागात त्यांच्या हद्दी नद्यांच्या पात्रांवर आणि लाव्हाच्या पट्ट्यांवर पडल्यात. माझ्या मते सगळ्यात विचार करायला लावणारं उदाहरण हेच आहे.

फाउंडर इफेक्ट तू व्याख्या म्हणून पाठ केलायस, तो असा समज. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं चालतं. समजा एका जीपमधे दहा माणसं बसली आणि कुठंतरी ओसाड जागी वस्ती करून राहिली, त्यात सात पूर्व भागातली तेलुगू बोलणारी निघाली, तर त्या वस्तीची भाषा तेलुगू होणार. ती भाषा जास्त चांगली म्हणून नाही, जीपमधे कोण बसलं त्यावरून. बेटावर पहिल्यांदा पोचलेल्या मोजक्या पक्ष्यांच्या जनुकांचं तसंच. पण इथं पुस्तकं जरा जास्त ताणतात. त्याच टाउहोउच्या डीएनएवर 2002 मधे काम छापून आलं, त्यात दिसलं की एकदा बेट ओलांडल्यानं विविधता फारशी घटत नाही, थवा बरा मोठा असेल तर बरंच काही सोबत येतं. एका बेटावरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या असं तीन-चार वेळा झालं की मग गळती दिसायला लागते. हे नीट लक्षात ठेव, व्हायवात नक्की विचारतील.

आणि आजचा नकाशा बघून निष्कर्ष काढू नको. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती. अंदमानची मुख्य बेटं तेव्हा एकमेकांना जोडलेली होती, निकोबार मात्र वेगळंच राहिलं, कारण मधली टेन डिग्री चॅनल खूप खोल आहे. म्हणजे आज दोन बेटांमधे पाणी दिसतं म्हणून ती कायमच तुटलेली होती असं नाही. डार्विनच्या फिंचवर तू दोन पानं लिहिलीस ती राहू दे, ठीक आहेत.

आता तुझं रडगाणं. समुद्र नाही म्हणे. अरे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला डोंगरमाथ्यांवरची शोला जंगलं म्हणजे बेटंच आहेत, मधली पालघाट खिंड 30-40 किलोमीटर रुंद, माथ्यावरच्या छोट्या पक्ष्यांना ती समुद्रासारखीच. पक्षीअभ्यासक व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पक्ष्यांच्या डीएनएवर वर्षानुवर्षं काम केलं आणि 2017 मधे शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला अशा पक्ष्यांच्या दोन नव्या वंशांना (जीनस) नावं दिली. समुद्राचं पाणी न लागता.

आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जा. ऊस, द्राक्षबागा, रस्ते यांच्यामधे माळरानाचे तुकडे उरलेत, चंडोलांसाठी ती बेटं आहेत का हा खरा प्रश्न आहे, माझ्याकडं उत्तर तयार नाही म्हणूनच तुला सांगतोय. पण या तुकड्यांचं वय फार तर काही दशकांचं, तेवढ्यात नवी प्रजाती होत नाही, घडलंच काही तर जनुकांची विविधता घटते आणि तेसुद्धा डीएनएत उशिरा दिसतं, त्यामुळं प्रपोजलमधे मोठे दावे करू नको. माळढोकाच्या डीएनएत विविधता फार कमी आहे हे आधीच दिसलंय, त्याची संख्या पार ढासळलीये, ते वाचताना मला आजही पोटात कालवतं. रक्ताचे नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, सहा महिन्यांत ते बसणार नाही. आवाज रेकॉर्ड कर. एकाच जातीच्या चंडोलाचं गाणं दोन तुकड्यांत वेगळं पडतंय का एवढंच बघ, प्रत्येक रेकॉर्डिंगला जागा, वेळ आणि सगळ्यात जवळच्या माळाचं अंतर लिही. हे लिहायचं राहिलं की डेटा वाया जातो, माझा एक अख्खा सीझन असाच गेलाय.

रविवारी सकाळी सहाला कंबर तलावापाशी ये. अंदमानचा खोलीच्या रेषा असलेला नकाशा प्रिंट काढून आण, 120 मीटरची रेष पेनानं गिरवूनच आण, मग नान्नजचं बोलू.