‘काही झालं तर नाही ना?’

समुपदेशन करताना काही वाक्यं इतक्यांदा कानावर पडतात, की ती येणार हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळायला लागतं. त्यातलं एक: “थोडी घेतली होती, गाडी मीच चालवली, पण काही झालं तर नाही ना?” माझ्याकडे असं म्हणणारे बहुतेक जण श्रद्धावान कॅथलिक असतात. रविवारची मिस्सा न चुकवणारे, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवणारे. काही झालंच नाही तर ते पाप कसं, आणि पाप नसेल तर मन का खातंय, या दोन प्रश्नांच्या मध्ये ते अडकलेले असतात. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि पुष्कळ भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

गृहस्थ चाळिशी उलटलेले, जबाबदारीच्या नोकरीत. एका समारंभातून रात्री उशिरा बायको आणि मुलीला घेऊन ते गाडीने घरी आले होते. प्यायले होते, तोल जावा इतकं नाही, पण कमीही नाही. सगळे सुखरूप पोचले. त्यानंतर मात्र त्यांची झोप उडाली, घरात चिडचिड वाढली. त्याच आठवड्यात जाऊन त्यांनी कन्फेशन केलं. फादरांनी क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या प्रार्थनाही म्हणून झाल्या. तरी मनावरचं ओझं हलेना.

“मी फारच मनाला लावून घेतोय का, ताई?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी कधीच हलक्यात घेत नाही. काही जणांची सदसद्विवेकबुद्धी खरोखरच अतिहळवी असते. क्षमा झालेलं तेच पाप ते पुन्हा पुन्हा कन्फेशनला नेतात, आणि त्यांना वेगळ्या मदतीची गरज असते. या गृहस्थांचं तसं नव्हतं. इतर चुका कबूल करून ते मोकळे होत. ही एकच गोष्ट घशात अडकली होती. अशा वेळी टोचणी घालवायची घाई करायची नाही, हे माझं पक्कं मत आहे. हल्ली कुणाला अपराधी वाटतंय असं दिसलं, की ‘स्वतःला माफ करा’ म्हणून विषय संपवायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. निरोगी मन टोचत असेल तर ते काय म्हणतंय हे आधी ऐकून घ्यावं. या एका आग्रहामुळे माझ्याकडची कितीतरी माणसं मार्गाला लागली आहेत, हे मी समाधानाने सांगू शकते.

कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. स्वतः सांगायला मात्र माणूस मोकळा असतो. मी कधी आग्रह धरत नाही, पण त्या दिवशी विचारलं, “हरकत नसेल तर सांगा, फादरांना नेमकं काय सांगितलंत?”

“हेच, की जास्त प्यायलो.”

“आणि गाडीचं?”

“गाडीचं काय सांगायचं? पोचलो की नीट.”

म्हणाले खरे, पण नजर खाली गेली. कबूल केलं होतं प्यायल्याचं, आणि झोप उडवली होती गाडीने. ज्याबद्दल बोलायचं होतं ते त्यांनी तोंडातून काढलंच नव्हतं.

मग मी त्यांना तो रस्ता पुन्हा सांगायला लावला. गाडीत बसल्यापासून घराच्या दारात उतरेपर्यंत, एकेक वळण. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तिचा पट्टा लावला होता का, ते आठवेना. पहिला सिग्नल आठवत होता. बायको एक हात डॅशबोर्डवर टेकवून बसली होती, हेही आठवत होतं. “वाटेत पूल लागतो ना?” मी विचारलं. लागतो म्हणाले. “तो कसा ओलांडलात?” त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. पूल त्यांना आठवतच नव्हता.

“पण ताई, प्यायलो असलो की मी उलट जास्त सांभाळून चालवतो.”

हेही नेहमीचं वाक्य. दारू सगळ्यात आधी निर्णयशक्तीवर परिणाम करते, म्हणजे आपण गाडी चालवायच्या स्थितीत आहोत की नाही हे जी शक्ती ठरवणार तिच्यावरच. मोजायची पट्टीच वाकडी झाली तर तिने घेतलेल्या मापावर कसा भरवसा ठेवणार? रोज पिणाऱ्याला तर काही चढल्यासारखंही वाटत नाही. रक्तातलं प्रमाण मात्र जे असायचं ते असतंच. जागतिक आरोग्य संघटना चालकांसाठी दर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलची कमाल मर्यादा सुचवते, आणि तरुण व नवशिक्या चालकांसाठी २० मिलिग्रॅमची. त्याखाली सगळं सुरक्षित असतं असा याचा अर्थ नाही. प्रतिक्रिया मंदावणं त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं.

आता चर्च काय म्हणतं ते. पिणं हेच पाप, असं कॅथलिक शिकवण म्हणत नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि द्राक्षारस मनुष्याचं मन आनंदित करतो असं स्तोत्रकर्त्याने म्हटलं आहे. अतिरेक हा संयमाविरुद्धचा दोष. गाडीचा विषय निघतो तेव्हा मात्र गोष्ट देवाच्या दहा आज्ञांमधल्या पाचव्या आज्ञेत जाते, ‘खून करू नकोस’ या आज्ञेत. पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९० मी या गृहस्थांसमोर ठेवला. नशेमुळे किंवा वेगाच्या हौसेपायी जे रस्त्यावर, समुद्रात किंवा आकाशात स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतात, ते गंभीर दोषाचे धनी होतात, असा त्याचा आशय आहे.

“यात अपघाताचा उल्लेख कुठे आहे?” मी विचारलं.

त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला. “नाहीच आहे. धोक्यात घालतात एवढंच म्हटलंय.”

पुलावर त्या क्षणी कुणी रस्ता ओलांडत नव्हतं, ही देवाची कृपा. त्यात त्यांची काही कमाई नव्हती. तेच कृत्य, तेच प्रमाण, तोच चालक. फरक असता तो केवळ पुलावर कुणी असण्या-नसण्याचा. परिणामावरून स्वतःला निर्दोष ठरवायची ही सवय मी शंभरात नव्वद जणांत पाहते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

“म्हणजे मी महापाप केलं?” त्यांचा आवाज बारीक झाला होता.

इथे समुपदेशकाने आपली पायरी ओळखावी. निवाडा माझा नाही. पण चर्चने काय निकष दिले आहेत ते मी सांगू शकते: विषय गंभीर हवा, तो गंभीर असल्याची पूर्ण जाणीव हवी आणि कृत्याला मनापासून संमती हवी. तिन्ही एकत्र आले तरच ते महापाप. अजाणतेपण, भीती, जुनं व्यसन यांनी जबाबदारी कमी होऊ शकते, हेही चर्चच सांगतं. ते लगेच म्हणाले, “मग माझी पूर्ण जाणीव कुठे होती? मी तर प्यायलेलो होतो.”

याच वळणासाठी मी थांबले होते. या कामात मी भावनांपेक्षा क्रमाकडे जास्त बघते. आधी काय झालं, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय. रात्री साडेअकराला गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पश्चात्तापाचे कितीही डोस पाजले तरी फारसं हाती लागत नाही. म्हणून मी त्यांना संध्याकाळी सातला घेऊन गेले.

“घरातून निघताना चावी कुणी घेतली?”

“मीच.”

“तेव्हा किती घेतली होती?”

“तेव्हा कुठली? निघतच होतो.”

“तिथे पिणं होणार हे माहीत होतं?”

“होतं.”

“आणि परत येताना गाडी कुणी चालवायची ठरलं होतं?”

“काही ठरवलं नव्ह…” वाक्य अर्ध्यावर थांबलं. हात टेबलावरच्या चावीकडे गेला, ती त्यांनी उचलली आणि पुन्हा ठेवली. मग म्हणाले, “नाही ताई. ठरलेलंच होतं. बायकोला चालवता येत नाही. मीच पिणार होतो आणि मीच चालवणार होतो. घरातून निघतानाच.”

ते रडले. मी मध्ये बोलले नाही. इतके दिवस ते सगळा दोष प्यायलेल्या माणसावर टाकत होते, आणि तो प्यायलेला होता म्हणून त्याला सोडूनही देत होते. निर्णय शुद्धीवरच्या माणसाने घेतला होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला आहे: नशेत घडलेल्या पापाला नशा हे निमित्त चालेल का? दारूची ताकद माहीत नसताना कुणाला अभावितपणे चढली असेल तर गोष्ट वेगळी, असं ते मानतात. पण पिण्यातच दोष असेल, तर पुढच्या कृत्याची जबाबदारी नशेने हलकी होते, नाहीशी होत नाही; कारण आधीच्या कृत्यातली इच्छा पुढच्या कृत्यात उतरलेली असते. मानसशास्त्र शिकलेल्या माणसालाही यात बदलण्यासारखं काही सापडू नये. उलट मला यात मोठा दिलासा दिसतो. चूक रात्री साडेअकराची असती तर पुढच्या वेळीही त्यांच्या हातात काही नसतं. ती संध्याकाळी सातची आहे, आणि सात वाजता ते पूर्ण शुद्धीवर असतात.

त्यानंतर ते पुन्हा कन्फेशनला गेले. गाडीचं न सांगितल्यामुळे आधीचं कन्फेशन वाया गेलं का, ही भीती त्यांना होती. विसरलेलं पाप आणि जाणूनबुजून लपवलेलं पाप यांत चर्च फरक करतं. आपलं कोणत्या बाजूचं हे फादरांनाच विचारा, असं मी सुचवलं. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. झोप लागायला लागली एवढं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यांच्या पत्नीही एकदा येऊन गेल्या. “मी गाडीत गप्प बसले, मग मीही दोषी का?” दुसऱ्याच्या पापात आपला वाटा कधी असतो, हे धर्मशिक्षण ग्रंथात सांगितलं आहे: त्यात स्वेच्छेने भाग घेतला, ते करायला सांगितलं, त्याची वाहवा केली किंवा अडवणं कर्तव्य असताना अडवलं नाही तर. पण मध्यरात्री, झोपलेलं लेकरू घेऊन, प्यायलेल्या नवऱ्याशी रस्त्यावर वाद घालणं किती अवघड असतं हे ज्याने अनुभवलं नाही त्याने या बाईंना पटकन दोष देऊ नये. त्यांच्यापेक्षा मला यजमानाला चार शब्द सुनवावेसे वाटतात. ग्लास भरभरून देणारे आणि मग ‘सावकाश जा हं’ म्हणत दारापर्यंत सोडायला येणारे यजमान सगळीकडे असतात. त्यांना कन्फेशनमध्ये यातलं काही सांगावंसं वाटतं का, कोण जाणे. व्हॅटिकनने २००७ साली रस्त्यावरच्या वर्तनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात चालकांसाठी दहा आज्ञा आहेत. गाडी चालवण्याच्या स्थितीत नसलेल्यांना, मग ते तरुण असोत वा नसोत, प्रेमाने समजावून परावृत्त करा, ही त्यातली सहावी. प्रेमाने म्हणजे चारचौघांत चावी हिसकावून नव्हे. निघण्याआधी घरीच, आवाज न चढवता, ‘आज तुम्ही पिणार असाल तर आपण भाड्याच्या गाडीने जाऊ’ एवढं बोलता येतं. पत्नींनी ते वाक्य माझ्यासमोर दोन-तीनदा म्हणून पाहिलं. आता त्या स्वतः गाडी शिकताहेत.

शेवटच्या भेटीत गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. “शनिवारी रात्री उशिरापर्यंत घेतली, झोपलो, तर रविवारी सकाळच्या मिस्साला गाडी चालवलेली चालेल का?” आम्ही कागदावर हिशेब केला. दर १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल शरीर साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी करतं. झोप, कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. मध्यरात्री प्रमाण १५० असेल तर सकाळी सहाला ६० उरतं, म्हणजे ५० च्या मर्यादेपेक्षा जास्तच. हा वेगही प्रत्येकाचा सारखा नसतो. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, “मग अशा रविवारी संध्याकाळच्या मिस्साला जाऊ.”