लूक दोन, ४१ पासून वाचा

“मुलगा देवापासून दूर चाललाय” अशी काळजी घेऊन येणारे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी नेहमीच येत असतात. त्यांतलं हे एक कुटुंब, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. वडील मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात पुढे, आई संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवणारी. नववीतल्या मुलाने उपासनेला यायचं बंद केलं होतं, आणि घरच्या प्रार्थनेत तो मुद्दाम डोळे उघडे ठेवून बसायचा. वडिलांनी आधी मोबाइल काढून घेतला, मग हातही उचलला.

आईचं दुखणं वेगळं. “मी दुसऱ्यांच्या पोरांकडून बायबलची वचनं पाठ करून घेते आणि माझंच असं. लोक काय म्हणत असतील?”

समुपदेशनात मी आपणहून बायबल काढत नाही. समोरच्याला गप्प करायला ते फार सोयीचं पडतं. इथे वडिलांनीच काढलं. “येशूसुद्धा आईबापांच्या आज्ञेत राहिला. लूक दोन, ५१वं वचन. एवढंच याच्या डोक्यात भरवा, मॅडम.” लूक म्हणजे बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी, येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांपैकी, एक; दोन हा त्यातला अध्याय.

म्हटलं, “४१ पासून वाचा ना. मोठ्याने.”

त्यांनी वाचलं. बारा वर्षांचा येशू, वल्हांडण या यहुदी सणासाठी यरुशलेमेला गेलेलं कुटुंब, मग परतीची वाट. मुलगा सोबतच्या घोळक्यात असेल असं धरून त्याचे आईवडील मरीया आणि योसेफ दिवसभर चालत राहिले. मग नातलगांत शोधाशोध, मग माघारी यरुशलेम. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला, गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत. तू आमच्याशी असा का वागलास, आई विचारते. त्यावर तोच उलट विचारतो, माझा शोध का केलात? माझ्या पित्याच्या घरात मी असायला हवं, हे ठाऊक नव्हतं का? ५०व्या वचनाला वडील अडखळले. तो काय बोलला ते त्यांना समजलं नाही, असं तिथे लिहिलं आहे.

“कितीदा वाचलंय हे,” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

येशूच्या जन्माच्या आसपासच्या घटना सोडल्या, तर चारही शुभवर्तमानांत त्याच्या बालपणाचा हा एकच प्रसंग आहे. त्यात आईबाप गाफील राहिलेले, घाबरलेले, आणि शेवटी उत्तर न कळलेले दिसतात. आज्ञेत राहणं त्यानंतरच्या वचनात येतं. आपण मात्र थेट तिथेच जाऊन पोचतो. तुमचा मुलगा काही येशू नाही, आणि तो मंदिरात नाही, गल्लीत क्रिकेट खेळत असतो. पण मरीयेने विचारलं तसं ‘का’ म्हणून त्याला कुणी विचारलं होतं?

एकटा बसल्यावर तो बोलला. “आजोबांसाठी सगळ्यांनी उपास धरून प्रार्थना केली. तरी ते गेले. पप्पा म्हणाले, देवाची इच्छा. मग मागायचं कशाला?”

दोन गोष्टी ठरवून दिल्या. मार बंद; यात घासाघीस नाही. आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर थोडा वेळ मुलाने बोलायचं, वडिलांनी त्याच दिवशी वचन सांगून ते मिटवायचं नाही. ‘मला माहीत नाही’ म्हणायची मुभा. वडिलांना हे फार जड गेलं. सुरुवातीला गप्पा गणिताच्या पेपरावरच अडकल्या. मग एकदा आजोबांचा विषय निघाला, तेव्हा वडील म्हणाले, “राग मलाही आला होता. माझा बाप होता तो.” आजोबा गेल्यापासून त्या दोघांत त्यांच्याविषयी हे पहिलंच बोलणं.

अशा वेळी मी आणखी एक पाहते. झोप, जेवण, मित्र हेही सुटत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा मूल करत असेल, तर तो उपासनेचा प्रश्न उरत नाही. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. या मुलाचं तसं नव्हतं.

आता तो कधी उपासनेला येतो, कधी नाही. आला तर मागच्या बाकावर. वडिलांना अजून वाटतं, मी त्याला जरा जास्तच सैल सोडायला लावलं. तसं ते मला तोंडावर सांगतात.