कादंबरीतल्या काल्पनिक आदिवासी जमातीची भाषा आणि चालीरीती कशा रचाव्यात?

तुम्ही लिहिलंय की सातपुड्यातली एक जमात कल्पनेतून उभी करताय, तिची बोली ‘गूढ, रानटी’ वाटायला हवी आणि गावाच्या वेशीवर कवट्या टांगलेल्या आहेत. मी मेळघाटातल्या धारणीकडचा, कोरकू जमातीचा. गूढ वाटायचं काम एकदा करून बसलोय, म्हणून लिहितो.

कॉलेजच्या गॅदरिंगचं नाटक. जंगलात वाट चुकलेले शहरी लोक आणि त्यांना पकडणारी जमात. सरदाराचं काम मला मिळालं, निवड थेट होस्टेलच्या यादीवरून. पहिल्या तालमीत मी सरळ कोरकूत बोललो. नाटक बसवणारे सर म्हणाले, “फारच साधं वाटतंय रे, आदिवासी वाटत नाही.” घरी आईशी बोलतो ती भाषा! मग म्हणाले, मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी म्हण. मी डोळे वटारले आणि भाला आपटत सुरू केलं: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई! सर खूश. प्रयोगाला हॉल चिडीचूप, फक्त मागच्या रांगेत आमची दोन पोरं पोट धरून हसतायत. भाला आपटून मी एक ते पाच आकडे म्हणत होतो. बक्षीस मिळालं, मी ते घेतलंही. लाज वाटायला बरीच वर्षं गेली.

तर भाषा. आधी शब्द पाडत बसू नका, ही माणसं मोजतात कशी ते ठरवा. आमच्यात कोरो म्हणजे माणूस, दोन असले की कोरोकिंग, जास्त झाले की कोरकू. जमातीचं नाव तिथूनच. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे, तसे आमच्यात ‘अबुंग’ आणि ‘आले’, शिवाय दोघांपुरते आणखी निराळे. पकडलेल्या पाहुण्यासमोर सरदार यातला कुठला शब्द वापरतो, यावर अख्खं प्रकरण निघेल. आणि शेजार विसरू नका. कोरकूच्या नात्यातल्या संथाली, मुंडारी पार झारखंडकडे. भोवती मात्र मराठी, हिंदी, गोंडी. २०११च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी कोरकू नोंदवली, त्यातला प्रत्येक जण बाजाराला जातो आणि चार शब्द घेऊन येतो. कुणाचा वारा न लागलेली भाषा फक्त नाटकात असते.

चालीरीतींचं सांगायचं तर सरांनी थर्माकोलचा खांब करून त्यावर कवट्या लावल्या होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे मुंडा असतो, तो दाखवा. सागाच्या लाकडावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरतात आणि मेलेल्या माणसासाठी सिडोली, म्हणजे त्याचं कार्य, करून तो झाडाखाली रोवतात. खर्च मोठा, म्हणून सिडोलीला वर्षं लागतात. माझ्या आजोबांची अकरा वर्षांनी झाली, कारण पैसे जमले की सोयाबीन बुडायचं. सर म्हणाले, “हे प्रेक्षकांना कळणार नाही.” बापाच्या कार्यासाठी पैसे जमवत बसलेला मुलगा विदर्भातल्या प्रेक्षकाला कळणार नाही? मी तेव्हा गप्प बसलो.

एक मात्र आहे. मी वीस वर्षं अमरावतीत आहे, माझ्या कोरकूत निम्मी हिंदी. बैतूलकडचा माणूस वरचे दोन-चार उच्चार सुधारेल. आणि मी सांगितलं म्हणून मुंडा जसाच्या तसा उचलून त्याला काल्पनिक म्हणू नका. हवा असेल तर जमातीचं नाव खरं लिहा.

वेशीवरच्या कवट्या तेवढ्या काढा.