घरी आर्केड मशीन (व्हिडिओ गेमची मोठी पेटी) बनवायची तर प्लाय, बटणं आणि आतला कॉम्प्युटर कुठला घ्यावा? (मी बेळगावात असतो)

पहिलं प्लाय बघा, कारण आपल्याकडं पावसाळ्यात भिंती घाम फोडतात आणि साधा कमर्शियल प्लाय कडेनं फुगतोय, म्हणून आयएस 710 (म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) शिक्का असलेला 18 एमएम घ्या आणि कापलेल्या कडांना सीलर मारायला सुताराला आठवणीनं सांगा.

खरं काम कंट्रोल पॅनलचं, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं बसतात त्या फळीचं. 18 एमएमवर जॉयस्टिक खालनं बसवली की दांडी वर आखूड येते, हातात धड पकड येत नाही. त्यामुळं तेवढी जागा खालच्या बाजूनं राउटरनं (सुताराचं लाकूड कोरायचं मशीन) खोल करून घ्यायची, निम्मी जाडी ठेवली तरी चालते. बटणं नट आवळायची, लांब बॉडीची घ्या, नुसती दाबून बसणारी पातळ पत्र्यासाठी असतात. आणि बटणं हातात आल्याशिवाय भोकं पाडू नका हं, कुठली 28 एमएमची असतात कुठली 30ची. स्ट्रीट फायटर 2 खेळायचा असेल तर प्रत्येकाला सहा बटणं पाहिजेतच, पॅकमॅनला नुसती जॉयस्टिक पुरते.

आत रासबेरी पाय 4 (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) आणि त्यावर बाटोसेरा (जुन्या गेम चालवायचं फुकट सॉफ्टवेअर), 80-90च्या गेमना भरपूर झालं. प्रत्येक खेळाडूला एक यूएसबी एनकोडर, म्हणजे बटणं-जॉयस्टिकच्या वायरी कॉम्प्युटरला जोडायचा छोटा बोर्ड. स्क्रीन जुना चौकोनी 19 इंची एलसीडी बघा, उद्यमबागेत ऑफिसं मॉनिटर बदलतात तिथं विचारून बघा की. लाइट गेली की एसडी कार्ड खराब व्हायची भीती असते, छोटा यूपीएस लावाच.