गोवराची लस आणि गावातले दोन गट

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर आमच्या गावात दोन तट पडलेत. गोवर-रुबेलाच्या लसीला सरपंचांच्या विरोधातली घरं मुलं आणतच नाहीत. ‘लस त्यांची आहे’, ‘पुढे मूलबाळ होणार नाही’ असं ऐकवतात. कसं समजवायचं?
– एक आशाताई, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, आधी सत्र कुठे भरतं ते बघा. सरपंचांच्या ओट्यावर भरत असेल तर आरोग्यसेविकेशी बोलून अंगणवाडीत घ्या. फलकावर कुणाही पुढाऱ्याचा फोटो नको. घरोघरी जाताना त्या गटातली, स्वतःच्या मुलाला लस दिलेली एखादी आई सोबत न्या.

दारात वाद घालू नका. “कशाची काळजी वाटते?” एवढंच विचारा आणि पुरतं ऐका. पुष्कळदा आत वेगळंच दडलेलं असतं : मागच्या पेंटाव्हॅलंटनंतर (पाच आजारांवरची एकत्र लस, म्हणजेच ‘पेंटा’) बाळ रात्रभर फणफणलं, आईचा रोज बुडाला, विचारायला कुणी फिरकलं नाही. म्हणून ताप येण्याआधीच त्याबद्दल सांगा. पेंटाचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवर-रुबेलाचा आलाच तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, कधी हलक्या पुरळासोबत, आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. हे सांगितलेलं नसलं की दहाव्या दिवशीच्या तापाची अफवा होते. पॅरासिटामॉल आरोग्यसेविका वजनावरून सांगेल तेवढंच. लसीनंतर अर्धा तास थांबवून घ्या, आणि दुसऱ्या व दहाव्या दिवशी स्वतः चौकशीला जा.

मूल न होण्याच्या भीतीला हसू नका. उत्तर प्रदेशात पोलिओच्या डोसाबद्दल हीच अफवा होती, आणि आणीबाणीतली सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते. तिथे वस्तीतल्याच बायका आणि मौलवी दारोदार फिरले, तेव्हा घरं उघडली. म्हणून ‘रेशन बंद होईल’ असली धमकी कधीही देऊ नका. उलट हे सांगा : गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष होऊ शकतो. ही लस पुढच्या बाळाचीही राखण करते.

एक अडचण हमखास येते. लसीच्या एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात आणि ती उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या मुलाला ‘पुढच्या वेळी या’ म्हणतात. मोठ्या मिनतवारीने आलेलं घर तिथेच तुटतं. एका मुलासाठीही कुपी उघडायला सांगा.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा, गोवराचा एकही डोस नाही. आता उशीर झाला का?

उत्तर : नाही. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो, पण राहून गेला तर पाच वर्षांपर्यंत मिळतो. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. पहिला याच सत्रात घ्या. कार्ड हरवलं असेल तरी या, नवं करून मिळतं.