ब्लॉक मॉडेलने मोठे आणि छोटे कारखानेच वेगळे काढले, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात: सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं जाळं, एकमेकांची ऑर्डर उचलणाऱ्या दोघांत दुवा. ब्लॉक मॉडेलमधून, म्हणजे जाळ्यातले गट शोधणाऱ्या मॉडेलमधून, शहराचा पूर्व भाग आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी असे गट निघतील असं वाटलं होतं. निघाले एकात सगळे मोठे, दुसऱ्यात सगळे छोटे.

कोड बरोबर आहे, मॉडेल बदला. साध्या स्टोकॅस्टिक ब्लॉक मॉडेलमध्ये (हॉलंड, लास्की, लाइनहार्ट, १९८३) दुवा पडण्याची शक्यता फक्त दोघांच्या गटांवरून ठरते. त्यामुळे एका गटातल्या सगळ्यांचे दुवे जवळपास सारखेच असावे लागतात. कुणाला ६० आणि कुणाला ३ दुवे असतील, तर तो फरक झाकायला मॉडेल डिग्रीवरच (म्हणजे दुव्यांच्या संख्येवरच) फाळणी करतं. या विषयातलं नेहमीचं उदाहरण, म्हणजे झॅकरीच्या ३४ जणांच्या कराटे क्लबचं मैत्रीचं जाळं, त्यावरही नेमकं हेच होतं.

करर आणि न्यूमन यांचं डिग्री-करेक्टेड मॉडेल (२०११) घ्या. त्यात प्रत्येक नोडला (इथे कारखान्याला) स्वतःचा गुणक असतो. दोघांमधले अपेक्षित दुवे म्हणजे दोन्ही गुणक गुणिले त्या गट-जोडीचा दर. मोठेपणा गुणकात जातो, गटासाठी उरते ती कोण कुणाकडे काम देतं ही पसंती. एकही दुवा नसलेले नोड आधी काढून टाका. यादीत सूत व्यापारी मिसळले असतील तर तेही काढा, नाहीतर पहिली फाळणी व्यापारी विरुद्ध माग अशीच होईल.

गट मुळात सापडण्याजोगे आहेत का, हे जरूर तपासा. इथेच बहुतेक जण घसरतात. दोन समान गट, आतल्या दुव्याची शक्यता क/न, बाहेरच्याची ख/न, न म्हणजे एकूण नोड. जाळं मोठं आणि विरळ असेल तर (क−ख)² हे २(क+ख) पेक्षा जास्त हवं. सरासरी ४ दुवे धरा: क=६, ख=२ ला दोन्ही बाजू १६, म्हणजे अगदी काठावर. चारपैकी सरासरी तीनहून जास्त दुवे स्वतःच्या गटात नसतील, तर कुठलाही अल्गोरिदम फक्त जाळ्यावरून अंदाजापलीकडे जाणार नाही. अशा वेळी आणखी काही महिन्यांची माल पाठवल्याची चलनं जोडा.

गटांची संख्या लाइकलिहुडवर (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्या मापावर) ठरवू नका, गट वाढवले की ते वाढतंच. ग्राफ-टूल या पायथन लायब्ररीत डिस्क्रिप्शन लेंग्थ (मॉडेल आणि डेटा मिळून लिहायला किती माहिती लागते ते) बघा, साध्या आणि करेक्टेड दोन्ही मॉडेलची. कमी ती चांगली. ५ नॅटचा (नॅट हे तिचं नैसर्गिक लॉगवरचं एकक) फरक म्हणजे कमी लांबीच्या मॉडेलच्या बाजूने जवळपास १५० ला १. वेगवेगळ्या सुरुवातींनी निदान वीसेक वेळा चालवा, एकच रन खड्ड्यात, म्हणजे आसपासच्यांपेक्षा बऱ्या पण सर्वोत्तम नसलेल्या उत्तरात, अडकू शकतो. रनची तुलना करताना गटांचे क्रमांक जुळवत बसू नका, ते दर वेळी बदलतात. कोणते दोन कारखाने एकत्र येतात ते मोजा.

एवढं करूनही गट पत्त्यांशी जुळले नाहीत, तर ते कारखाने सूत कुठल्या सायझिंगला (सुताला खळ लावणाऱ्या युनिटला) देतात त्याच्याशी ताडून बघा.